‘त्यांना ऐकू येतंय का?’ – विसावलेल्या मेंदूच्या शोधाची शंभर वर्षं

अतिदक्षता विभागाच्या दाराशी मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न औषधांचा नाही आणि बिलाचाही नाही. तो असतो, “डॉक्टर, त्यांना ऐकू येतंय का?” विचारणारी कधी बायको असते, कधी मुलगा, कधी रात्रीच्या एसटीने गावाहून आलेला भाऊ. आत रुग्ण डोळे मिटून पडलेला. हाक मारली तर ओ नाही, हात दाबला तर प्रतिसाद नाही.

सुरुवातीच्या वर्षांत मी चटकन सांगून मोकळा व्हायचो, “नाही, ते बेशुद्ध आहेत.” आज मी तसं सांगत नाही. हा बदल माझ्या स्वभावातला नाही, मेंदूविषयीच्या ज्ञानातला आहे, आणि तो व्हायला शंभराहून जास्त वर्षं लागली. आज तोच इतिहास सांगतो. तुमच्या घरात कुणी बेशुद्ध नसलं तरी वाचा, कारण यात तुमची रोजची झोप, तुमचं लक्ष आणि तुमचं ‘नुसतं बसणं’सुद्धा आहे.

दिवा विझला म्हणजे झोप?

पूर्वीची समजूत सोपी होती. डोळे, कान, त्वचा यांच्याकडून मेंदूला सतत ढोसण्या बसतात, म्हणून आपण जागे असतो. ढोसण्या थांबल्या की मेंदू आपोआप थंडावतो, म्हणजे झोप. थोडक्यात, दिव्यातलं तेल संपलं की दिवा विझतो, तसं.

पण तुमच्या घरातच याच्याविरुद्ध पुरावा आहे. टीव्ही मोठ्याने चालू असताना आजोबा खुर्चीत गाढ झोपतात आणि टीव्ही बंद केला की जागे होऊन म्हणतात, “का रे बंद केलास? मी बघत होतो!” रस्त्यावरून ट्रक गेले तरी न हलणारी बाळंतीण बाळ नुसतं कुरकुरलं की उठून बसते. झोपेतही कुणीतरी आत पहारा देत असतं, कुठला आवाज आत सोडायचा आणि कुठला नाही हे ठरवत असतं.

हा पहारेकरी पहिल्यांदा अंधुकसा दिसला तो इटलीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत तुरीन इथले शरीरक्रियाशास्त्रज्ञ आंजेलो मोसो हे बर्तिनो नावाच्या एका शेतकऱ्यावर प्रयोग करत होते. अपघातात त्याच्या कवटीला भोक पडलं होतं आणि तिथून मेंदूचे ठोके मोजता यायचे. एकदा दुपारचे बारा वाजले, घंटा झाली आणि मेंदूचे ठोके एकदम वाढले. हातातल्या नाडीत मात्र तसा फरक नव्हता. मोसोंनी विचारलं, घंटेमुळे प्रार्थनेची आठवण झाली का? बर्तिनो हो म्हणाला. बाहेरून पाहणाऱ्याला तो फक्त शांत बसलेला माणूस होता. आत मात्र काहीतरी घडून गेलं होतं.

साथीने दाखवलेली दोन ठिकाणं

पहिलं महायुद्ध चालू असताना युरोपात एक विचित्र आजार पसरला. माणसं आठवडेच्या आठवडे झोपून राहू लागली. काही रुग्णांची गोष्ट अगदी उलटी, त्यांना झोपच येईना. व्हिएन्नामधले डॉक्टर कॉन्स्टँटिन फॉन इकॉनॉमो यांनी १९१७ मध्ये या आजाराचं वर्णन केलं आणि त्याला ‘एन्सेफलायटिस लेथार्जिका’, म्हणजे सुस्ती आणणारा मेंदूदाह, असं नाव दिलं. हे गृहस्थ हौशी वैमानिकही होते, पण आपल्या दृष्टीने महत्त्वाचं ते त्यांनी शवविच्छेदनात पाहिलेलं.

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटा भाग असतो. झोपून राहणाऱ्या रुग्णांमध्ये त्याच्या मागच्या बाजूला, जिथे तो मध्यमेंदूला मिळतो तिथे, इजा होती. झोप न येणाऱ्या रुग्णांमध्ये इजा होती त्याच्या पुढच्या बाजूला. इकॉनॉमोंनी अनुमान काढलं की मागे जागं ठेवणारी यंत्रणा आहे आणि पुढे झोपवणारी.

यातला दुसरा अर्धा भाग नीट ध्यानात घ्या. झोपवायलाही मेंदूला वेगळी यंत्रणा लागते! म्हणजे झोप हा विझलेला दिवा नाही, ते मेंदूने केलेलं काम आहे. हे अनुमान बरोबर ठरायला बराच काळ जावा लागला. १९९६ मध्ये हार्वर्डमधल्या क्लिफर्ड सेपर यांच्या गटाने उंदरांच्या हायपोथॅलॅमसच्या पुढच्या भागात झोपेतच कामाला लागणाऱ्या पेशींचा पुंजका दाखवून दिला. दिवसभर अंथरुणात लोळूनही तुम्हाला ताजंतवानं वाटत नाही, त्यामागे हेही एक कारण आहे. पडून राहणं आणि झोपणं ही मेंदूच्या लेखी दोन वेगळी कामं आहेत.

बर्गर आणि डोळे मिटल्यावरच्या लहरी

आता जर्मनीतल्या येना गावी जाऊ. तिथले मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर यांना तरुणपणापासून एका प्रसंगाने पछाडलं होतं. लष्करी प्रशिक्षणात असताना ते घोड्यावरून पडले आणि तोफगाड्याच्या चाकाखाली येता येता वाचले. त्याच संध्याकाळी वडिलांची तार आली, ‘तू ठीक आहेस ना?’ दूर घरी असलेल्या बहिणीला अचानक भावाची काळजी वाटली होती. माणसाच्या मनाची ऊर्जा मोजता येते का, हा ध्यास बर्गरांनी तिथून घेतला. मनाचे संदेश हवेतून जातात हे काही त्यांना सिद्ध करता आलं नाही. पण शोधता शोधता हाती वेगळंच लागलं.

६ जुलै १९२४ रोजी, शस्त्रक्रियेसाठी कवटीचा तुकडा काढलेल्या एका १७ वर्षांच्या मुलाच्या डोक्यावरून त्यांनी मेंदूचा विद्युतप्रवाह नोंदवला. बर्गर इतके सावध की निष्कर्ष छापायला त्यांनी आणखी पाच वर्षं घेतली. मधल्या काळात स्वतःच्या मुलाच्या, क्लाउसच्या डोक्यावरून पुन्हा पुन्हा नोंदी घेतल्या. १९२९ मध्ये लेख आला आणि आज आपण ज्याला ईईजी म्हणतो त्याचा जन्म झाला.

त्यात एक गोष्ट चक्रावणारी होती. माणूस डोळे मिटून निवांत बसला की कागदावर सेकंदाला साधारण १० अशा मोठ्या, संथ लहरी उमटत. त्यांना आपण अल्फा लहरी म्हणतो. डोळे उघडले किंवा तोंडी गणित घातलं की त्या मावळत आणि लहान, जलद लहरी येत. लोकांची अपेक्षा होती की विश्रांतीत रेघ सपाट होईल आणि विचार करताना उसळेल. दिसलं ते भलतंच. निवांत मेंदू गप्प नव्हता, उलट तो तालात होता. मेंदू कायम कामात असतो, हे बर्गरांनी तेव्हाच लिहून ठेवलं.

सुरुवातीला त्यांच्यावर फारसा कुणी विश्वास ठेवला नाही. १९३४ मध्ये केंब्रिजमधल्या एडगर एड्रियन या नोबेलविजेत्या शास्त्रज्ञाने, ब्रायन मॅथ्यूज यांच्या जोडीने, हाच प्रयोग करून त्या लहरी खऱ्या असल्याचं दाखवलं. तेव्हा कुठे जगाने मान्य केलं. बर्गरांचा शेवट मात्र वाईट झाला. १९४१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. आणि सक्तीच्या नसबंदीचे निर्णय देणाऱ्या नाझी राजवटीच्या न्यायमंडळात त्यांनी काम केलं होतं, हेही पुढे उघड झालं. मोठा शोध लावणारा माणूस प्रत्येक बाबतीत मोठा असतोच असं नाही.

जागेपणाची कळ

ईईजी हाताशी आल्यावर जुना प्रश्न नव्याने विचारता आला. जागेपणा येतो कुठून? ब्रुसेल्समध्ये फ्रेडरिक ब्रेमर यांनी १९३५ मध्ये मांजरांवर प्रयोग केले. मध्यमेंदूच्या पातळीवर काप घेतला की वरच्या मेंदूत कायमच्या झोपेसारख्या लहरी दिसत. काप खाली, मेंदू आणि मज्जारज्जू यांच्या सांध्याशी घेतला तर झोप-जाग यांचं चक्र चालू राही. ब्रेमर यांना वाटलं, वरच्या कापामुळे बहुतेक संवेदना तुटल्या म्हणून झोप लागली. म्हणजे पुन्हा ती ढोसण्यांचीच समजूत.

१९४९ मध्ये ज्युझेप्पे मोरुझ्झी आणि होरेस मॅगून यांनी शिकागोत ही समजूत बाजूला सारली. मेंदूच्या देठाच्या गाभ्यात, म्हणजे ब्रेनस्टेममध्ये, पेशींची एक जाळीदार रचना आहे. गुंगीतल्या मांजराच्या या जाळीला हलका विद्युतप्रवाह दिला, तेव्हा संथ लहरी मावळून जागेपणाच्या जलद लहरी आल्या. संवेदना वाहून नेणारे मुख्य मार्ग वेगळे आणि मेंदूला जागं ठेवणारी ही जाळी वेगळी.

आज आम्ही डोक्याला मार लागलेल्या रुग्णाच्या डोळ्यांत बॅटरी मारून बाहुल्या का पाहतो, हे आता तुमच्या लक्षात येईल. बाहुल्यांचं आकुंचन नियंत्रित करणारा भाग आणि जागेपणाची ही जाळी मेंदूच्या देठात अगदी शेजारी आहेत. शेजाऱ्याच्या घरातला उजेड पाहून आम्ही या घराचा अंदाज घेतो.

पुढे १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठातच युजीन ॲसेरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांनी झोपेतला एक टप्पा दाखवला. त्यात मिटल्या पापण्यांआड डोळे भराभर फिरतात, आणि तेव्हा उठवलं तर बहुतेक जण स्वप्न सांगतात. या टप्प्यात मेंदूच्या लहरी जागेपणासारख्याच असतात. अंग निपचित, पण आत चित्रपट चालू!

दिल्लीतले चार योगी

या इतिहासात आपल्या देशाचंही एक पान आहे. बर्गरांनी पहिली नोंद घेतली त्याच १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यात कैवल्यधामची स्थापना केली आणि योगाला प्रयोगशाळेत तपासायला सुरुवात केली. पुढे दिल्लीच्या एम्समध्ये बी. के. आनंद, जी. एस. छिना आणि बलदेव सिंग यांनी ध्यानस्थ योग्यांचा ईईजी काढला. तो अभ्यास १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला.

चार योग्यांना समाधीत असताना तीव्र प्रकाश, मोठा आवाज, गरम वस्तूचा स्पर्श असे प्रकार करून पाहिले. अल्फा लहरी मोडल्या नाहीत. ध्यानात नसताना त्याच गोष्टींनी त्या लगेच मोडत. आणखी दोघांनी ४ अंशांच्या थंडगार पाण्यात पाऊण तासाहून अधिक वेळ हात ठेवला, तरी अल्फा लहरी टिकून राहिल्या.

मूठभर माणसांवरचा हा अभ्यास. त्यावरून चमत्काराचे इमले बांधू नयेत. पण मला त्यातून एक साधी गोष्ट शिकायला मिळाली. आवाजाला प्रतिसाद न देणारा माणूस झोपलेला किंवा बेशुद्धच असेल असं नाही. तो जागा असेल, फक्त त्याचं लक्ष आत वळलेलं असेल.

नुसतं बसण्याचा खर्च

मेंदूचं वजन शरीराच्या साधारण २ टक्के, पण विश्रांतीतही तो शरीराची सुमारे २० टक्के ऊर्जा खातो. १९५५ मध्ये अमेरिकेत लुई सोकोलोफ आणि सहकाऱ्यांनी तोंडी गणितं सोडवणाऱ्या माणसांच्या मेंदूचा एकूण ऑक्सिजनचा खप मोजला. निवांत पडून असतानाच्या तुलनेत त्यात वाढ आढळली नाही! गणित नसताना मेंदू एवढी ऊर्जा कशावर घालवतो?

उत्तराचा एक धागा १९९५ मध्ये मिळाला. भरत बिस्वाल यांनी दाखवलं की माणूस स्कॅनरमध्ये नुसता पडून असतानाही मेंदूच्या दोन्ही बाजूंचे हालचालींचे भाग एका लयीत वरखाली होत असतात. २००१ मध्ये सेंट लुईसमधल्या मार्कस रेचल यांनी आणखी पुढची गोष्ट मांडली. मेंदूच्या मध्यरेषेवरचे आणि मागचे काही भाग आपण काम हाती घेतलं की मंदावतात आणि मोकळे झालो की चालू होतात. स्वतःच्या आठवणी, उद्याचे बेत, ‘ती तसं का बोलली असेल’ असले विचार या जाळ्याशी जोडलेले आहेत. याला ‘डीफॉल्ट मोड’ म्हणतात. लक्ष देणं म्हणजे दिवा लावणं नाही. एका घरात चाललेली कुजबुज थांबवून दुसऱ्या घराचं दार उघडणं, असं ते आहे.

टेनिस खेळणारी रुग्ण

आता आपण पुन्हा अतिदक्षता विभागाच्या दाराशी येऊ. १९७२ मध्ये ब्रायन जेनेट आणि फ्रेड प्लम यांनी एका अवस्थेला नाव दिलं, ‘पर्सिस्टंट व्हेजिटेटिव्ह स्टेट’. रुग्णाचे डोळे उघडतात, झोप-जाग यांचं चक्र चालतं, पण जाणिवेची खूण दिसत नाही. म्हणजे मोरुझ्झींची जाळी चालू, वरचा मजला बंद, असं आम्ही शिकलो.

वरचा मजला खरंच बंद असतो का? २००५ मध्ये इंग्लंडमध्ये २३ वर्षांची एक तरुणी गाडीच्या अपघातानंतर या अवस्थेत गेली. पाच महिन्यांनी केंब्रिजमध्ये एड्रियन ओवेन यांनी तिला स्कॅनरमध्ये ठेवून सांगितलं, “टेनिस खेळताय अशी कल्पना करा.” मग सांगितलं, “घरातल्या खोल्यांमधून फिरताय अशी कल्पना करा.” दोन्ही वेळा तिच्या मेंदूचे नेमके तेच भाग उजळले, जे धडधाकट माणसांचे उजळतात. तिने ऐकलं होतं, समजून घेतलं होतं आणि सांगितलेलं केलं होतं. बाहेर मात्र बोटही हललं नव्हतं.

२०१० मध्ये अशा ५४ रुग्णांपैकी पाच जणांत हे दिसलं. त्यातल्या एकाने तर टेनिस म्हणजे ‘हो’ आणि घर म्हणजे ‘नाही’ या खुणेने सहापैकी पाच प्रश्नांची बरोबर उत्तरं दिली. २०२४ मध्ये सहा केंद्रांतल्या रुग्णांचा मोठा अभ्यास आला. हाकेला कुठलाही प्रतिसाद न देणाऱ्या २४१ जणांपैकी ६०, म्हणजे दर चौघांत एक, स्कॅन किंवा ईईजीवर सूचना पाळताना दिसला. आणि हेही पाहा, बाहेरून प्रतिसाद देणाऱ्यांपैकीही फक्त ३८ टक्के या चाचणीत उत्तीर्ण झाले. म्हणून चाचणीत काही दिसलं नाही, तर आत कुणी नाही असा अर्थ काढता येत नाही.

महाराष्ट्राला या प्रश्नाचं वजन ठाऊक आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या एका परिचारिकेवर १९७३ मध्ये निर्घृण हल्ला झाला. त्यानंतर २०१५ पर्यंत, ४२ वर्षं, तिच्या सहकाऱ्यांनी आणि त्यांच्यानंतर आलेल्यांनी तिची काळजी घेतली. २०११ मध्ये तिच्याविषयीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निष्क्रिय दयामरणाला काही अटींवर वाट करून दिली, पण तिच्या बाबतीत मात्र ती परवानगी नाकारली. तिला काय जाणवत होतं हे आपल्याला कधीच कळणार नाही. परिचारिकांनी मात्र ‘जाणवत असेल’ असं धरून तिला सांभाळलं.

मग तुम्ही काय कराल?

एक फरक आधी स्पष्ट करतो. मेंदूमृत्यू म्हणजे मेंदूच्या देठासकट सगळं काम कायमचं थांबणं. तो मृत्यूच आहे, त्यात जाण उरत नाही. वरचं सगळं मेंदूमृत्यूविषयी नाही. गाढ कोमातला प्रत्येक रुग्ण ऐकतो असंही मी म्हणत नाही, खोटी आशा लावणं हे पाप आहे. पण घरचं माणूस प्रतिसाद देत नसेल तर एवढं करा:

• जवळ गेल्यावर आपलं नाव सांगा, आज वार कोणता, वेळ काय, ते कुठे आहेत हे सांगा. एका वेळी एकानेच बोला.

• टीव्ही किंवा भजनं दिवसभर लावून ठेवू नका. थकलेल्या मेंदूलाही शांतता आणि रात्रीचा अंधार लागतो.

• पलंगाशी उभं राहून जमिनीचे वाद, खर्च, ‘आता काय उरलंय’ असली वाक्यं बोलू नका. हे आम्हा डॉक्टरांनाही लागू आहे.

• त्यांच्या चेहऱ्यासमोर आरसा धरून हळूहळू बाजूला न्या आणि नजर मागे जाते का पाहा. स्वतःचा चेहरा डोळ्यांना लवकर ओढून घेतो. दिसलेलं वेळेसकट वहीत लिहा.

• डॉक्टरांना सांगा की तपासणी एकदाच न करता वेगवेगळ्या वेळी पुन्हा पुन्हा करावी. नुसत्या नजरेच्या अंदाजावर विसंबलं तर दर दहांपैकी सुमारे चार रुग्णांची थोडीफार जाणीव निसटते, असं अभ्यासांत दिसलं आहे.

काही वर्षांपूर्वी एका बाईंनी मला तोच प्रश्न विचारला. मी म्हटलं, “मला नक्की सांगता येत नाही. पण ऐकू येतंय असं समजून बोला.” त्या आत गेल्या, पदर सावरला आणि नवऱ्याच्या कानाशी वाकून म्हणाल्या, “अहो, गाय व्याली. कालवड झाली.” ते गृहस्थ पुढे वाचले नाहीत. त्यांना ते ऐकू गेलं की नाही, मला माहीत नाही. पण बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा वेगळा होता, आणि त्या दिवसापासून मी “नाही” हे उत्तर द्यायचं सोडलं.